साक्रीच्या पठारावर वारा बघायचा कार्यक्रम

धुळ्याहून साक्रीच्या पुढे गेलं की पठार लागतं आणि पठारावर पवनचक्क्या. त्या बाजूने तुमच्यापैकी कोणी सुरतेला गेलं असेल, तर त्यांनी त्या फिरताना पाहिल्या असतील. मी त्या न फिरताना पाहिल्या. नुसत्या पाहिल्या नाहीत, तर एका मुलीच्या लग्नाची बोलणी अडल्यामुळे त्यांच्यासमोर ठाण मांडून बसले. खानदेशात काय पाहिलंस असं पुण्यात कोणी विचारलं आणि मी "वारा बघायला गेले होते" म्हटलं, की लोकांना वाटतं मी उत्तर टाळते आहे. म्हणून झालं तसं लिहून काढते.

मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत काम करते. देशाने कोळसा सोडून ऊन-वाऱ्यावर वीज करायची म्हटलं तर एकूण खर्च किती येईल, याचा अंदाज आमचा गट बांधत होता. तारा, खांब, बॅटऱ्या, जमिनी, व्याज, सगळं बसवून झालं होतं. एका बैठकीत आमचे सर म्हणाले, "देशाचा आकडा झाला. फक्त माणसांचा राहिलाय." कोळशाचं काम गेलं तर त्या माणसाला भरपाई काय लागेल, हे माणसांनाच विचारून यायचं होतं. प्रश्न ठरलेला होता: तुमचं आत्ताचं काम बंद झालं, तर तुमचं नुकसान कशाने भरून येईल? सरांना हा प्रश्न फार आवडायचा, कारण तो त्यांनीच तयार केला होता. कोळशाची बाजू भुसावळला आणि वाऱ्याची साक्रीला, एका फेरीत दोन्ही उरकतील, असा हिशेब करून त्यांनी ऑक्टोबरात मला जळगावला धाडलं.

भुसावळकडे

जळगावात उतरून मी भाड्याची जीप केली आणि भुसावळजवळच्या वीज केंद्राच्या परिसरात गेले. पहिल्या दिवशी मी भेटेल त्याला सरांचा प्रश्न विचारला. पुण्यात असा प्रश्न घेऊन गेलं तर लोक दार लावून घेतात. इथे लोकांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, ताटात भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढली, आणि प्रश्न सोडून बाकी सगळ्याची उत्तरं दिली. कापसाचं काय होणार, माझं लग्न झालंय का, पुण्यात खोलीचं भाडं काय, भरताची वांगी तिकडे मिळतात का.

एक चहावाला मात्र प्रश्नाला धरून बोलला. त्याची हातगाडी उंच धुराड्याच्या सावलीत उभी असे. सावली सरकली की तोही गाडी सरकवायचा. सकाळी रस्त्याच्या या अंगाला, दुपारी त्या अंगाला. गिऱ्हाइकांना ते पाठ होतं. धुराडं पाडलं तर सावलीची भरपाई कोण देणार, असं त्याने शांतपणे विचारलं. मी सावली लिहून घेतली. आमच्या तक्त्यात सावलीला रकाना नसल्यामुळे ती 'इतर' मध्ये गेली.

तिथेच रामदास आबा भेटले. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेला, उंच, पांढऱ्या टोपीचा माणूस. कोळशाने भरलेली मालगाडी आली की तिची एकेक वाघीण यंत्राने धरून पालथी करायची आणि कोळसा खाली ओतायचा, हे त्यांचं काम. मी प्रश्न विचारला. त्यांनी तो पुन्हा वाचायला लावला, मान डोलावली आणि म्हणाले की उत्तर देईन, पण आधी माझं एक काम करावं लागेल.

काम असं होतं. त्यांच्या मुलीला, मनीषाला, साक्रीकडचं स्थळ आलं होतं. मुलगा पवनचक्क्यांच्या दुरुस्तीवर होता. घराणं चांगलं, मुलगा निर्व्यसनी, फोटोत बरा. पण आबांचा जीव नोकरीपाशी अडला होता. उभा जन्म त्यांनी कोळसा पाहिला होता. तो दिसतो, मोजता येतो, हाताला लागतो. वाऱ्यावरची नोकरी हे शब्दच त्यांना स्थळाच्या बदनामीसारखे वाटत होते. मी देशाचा वारा मोजते असं त्यांनी ऐकलं होतं. तेव्हा मी सोबत यावं, वारा बघावा आणि तो भरवशाचा आहे का ते सांगावं.

मी वारा मोजत नाही, खर्च मोजते, असं मी सांगून पाहिलं. आबा म्हणाले, एकच झालं. मला साक्रीला जायचंच होतं आणि मला उत्तर हवं होतं. मी हो म्हटलं.

पारोळ्याच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये आबा होते, त्यांची मोठी बहीण अक्का होती, आणि मनीषा स्वतः होती. मुलीने मुलगा बघायला जायचं हे अक्कांना पटलेलं नव्हतं. भुसावळात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करणाऱ्या मनीषाने घरी एवढंच सांगितलं होतं की फोटो बघून ती फोनसुद्धा घेत नाही. त्यामुळे आई घर सांभाळायला मागे राहिली आणि मुलगी आली.

जीपच्या टपावर केळीचा एक अख्खा घड बांधला होता. आबांच्या भावाचा सावद्याकडे केळीचा मळा आहे. सोयऱ्यांकडे जळगावच्या माणसाने केळीशिवाय जायचं म्हणजे पंढरीच्या माणसाने बुक्क्याशिवाय जाण्यासारखं, असं आबांचं म्हणणं पडलं. पारोळ्याच्या अलीकडे एका ढाब्यावर आम्ही शेवभाजी खायला थांबलो. शेवभाजी म्हणजे फरसाणावर रस्सा ओतलेला असेल अशी माझी समजूत होती. ती पहिल्या घासाला गेली आणि डोळ्यांतून पाणी आलं. अक्का प्रेमाने म्हणाल्या, तिखट लागलं तर आणखी तेल घ्या. आम्ही आत खात असताना बाहेर एका बैलाने जीपच्या मागच्या शिडीला मान टेकवून टपावरून लोंबणाऱ्या घडाचा खालचा अर्धा भाग खाल्ला. बैल ज्याचा होता तो माणूस फार ओशाळला. त्याने भरपाई म्हणून दोन पेंढ्या गवत आणून टपावर बांधलं. आबांनी ते नाकारलं नाही. अर्धा घड आणि गवत असा आहेर घेऊन आम्ही धुळं ओलांडलं.

साक्री मागे पडली, चढ लागला, आणि एका वळणावर आबांनी जीप थांबवायला लावली. समोर पवनचक्क्या उभ्या होत्या. ओळीने, पांढऱ्या, आभाळाला टेकलेल्या. एकही हलत नव्हती. आबांनी टोपी सरळ केली. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं आणि थोडं समाधानही होतं.

पठारावर

मुलाच्या वडिलांना गावात नाना म्हणत. बुटके, बोलके, स्वच्छ धोतर. त्यांनी अंगणात खाटा टाकल्या होत्या. आमचं स्वागत झालं, गवत गोठ्यात गेलं, केळी घरात गेली. कोणीही घडाबद्दल विचारलं नाही, हा तिथला मोठेपणा.

ओळखी झाल्या. नानांनी आबांना कामाचं विचारलं. आबा म्हणाले, वाघिणी पालथ्या करतो. रेल्वेचा संबंध त्यांच्या लेखी इतका उघड होता की तो सांगायचं त्यांना सुचलं नाही. नानांची म्हातारी आई कोपऱ्यात बसली होती, ती पुढे सरकली.

"हाऊ माणूस वाघिणी पालथ्या करस?" तिने विचारलं.

"रोज," आबा म्हणाले. "पाळीत पन्नास-साठ होतात."

त्या भागात बिबट्याचा त्रास आहे. बातमी अंगणाबाहेर गेली आणि थोड्याच वेळात गावातली माणसं आबांना पाहायला येऊ लागली. एकाने नम्रपणे विचारलं की पालथी केल्यावर ती पुन्हा उठते का. आबा म्हणाले, उठते, सरळ करून पुढे ढकलायची, लगेच मागची येते. मी समजावून सांगायला तोंड उघडलं, तर अक्कांनी माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला. मुलीकडची बाजू पहिल्यांदाच वरचढ झाली होती आणि ती खाली आणायची अक्कांची इच्छा नव्हती.

मुलगा आला. कैलास. उन्हाने रापलेला, अंगाने सडपातळ. त्याने सगळ्यांना नमस्कार केला आणि मनीषाकडे एकदाच पाहिलं. बोलणी सुरू झाली. शेती, भाऊबंद, शिक्षण, सगळं जमत गेलं. मग आबांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "मुलगा दाखवलात. आता वारा दाखवा."

नाना हसले. मग त्यांना कळलं की हा विनोद नव्हे. ते म्हणाले, "वारा उन्हाळामा येस, पावसाळामा येस. आते तो नही शे."

आबा म्हणाले की ते थांबतील.

मला वाटलं, संध्याकाळपर्यंत थांबतील. ते खरंच थांबले. मुलाची मिळकत ज्यावर आहे ती वस्तू बघितल्याशिवाय ते उठणार नव्हते. शेत असतं तर शेत बघितलं असतं, दुकान असतं तर दुकान. यात चूक काढायला कोणाला जागा सापडेना. अंगणातल्या खाटा पवनचक्क्यांकडे तोंड करून मांडल्या गेल्या. मुलीकडचे एका खाटेवर, मुलाकडचे एका खाटेवर, मधल्या खाटेवर मी, तज्ज्ञ म्हणून. आबा अधूनमधून माझ्याकडे पाहत. मी माझ्या परीने गंभीर चेहऱ्याने क्षितिजाकडे पाहत होते.

गावानेही हातभार लावला. कोणी देवळात नारळ फोडला. कोणी सांगितलं की वरच्या आळीत पानं हलली, तेव्हा आम्ही सगळे वरच्या आळीत गेलो. शेळी होती. एका म्हाताऱ्याची अशी तक्रार होती की पूर्वी या दिवसांतही धान्य उपणायला पुरेल एवढा वारा असायचा, तो हे पंखेच खातात. तो वारा आपल्याला परत मिळण्यासाठी कुठे अर्ज करायचा, असं त्याने मला विचारलं. उपणायला वारा नसला तर तो काय करतो, असं मी विचारलं. तो म्हणाला, टेबलफॅन लावतो.

पाहुण्यांसाठी मांडे केले होते. अंगणातल्या चुलीवर उलटं खापर, आणि नानांची सून हातांवर पुरणाचा मांडा फिरवत फिरवत एवढा मोठा करत होती की तो आता फाटेल म्हणून मीच श्वास धरून होते. तो फाटला नाही. आमच्या घरी पुरणपोळी ताटाच्या मापाने करतात; इथे ताटाचा विचारच नव्हता. मांडे, आमटी, कुरडया, त्यावर दूध. अशा जेवणानंतर वारा आला असता तरी मला कळला नसता.

दुपारी अक्कांनी ठरवलं की मुलाने आणि मुलीने दोन शब्द बोलावेत, आणि राखणीला मला बसवलं. गोठ्याशेजारी लिंबाखाली ते दोघे बाजेच्या दोन टोकांना आणि मी दगडावर. मी दुसरीकडे पाहत होते, पण कान बंद करता येत नाहीत. मनीषाने विचारलं की वर एकटा असताना भीती वाटते का. त्याने एकदा घराकडे पाहिलं. मग म्हणाला की पहिला महिनाभर तो रोज उलटी करायचा, आणि अजूनही शिडीवर एक जागा आहे जिथे तो डोळे मिटून घेतो. घरी हे ठाऊक नाही.

मनीषा म्हणाली की फोनची फुगलेली बॅटरी उघडताना तिचंही तसंच होतं. दुकानाच्या मालकाला ठाऊक नाही. मग ते फुगलेल्या बॅटऱ्यांवर बोलू लागले. ती वाळूत कशी ठेवायची, वास कसा येतो, एकदा काउंटरवर कशी पेटली. माझ्या आयुष्यात मी ऊर्जेवर बरीच चर्चासत्रं ऐकली आहेत. इतकं मन लावून कोणी ऐकताना पाहिलं नव्हतं.

रात्री आम्ही तिथेच राहिलो. वारा आला नाही.

मान फिरते

सकाळी नानांचा धीर सुटत चालला होता. सोयरे अंगणात वाऱ्याची वाट बघत बसलेत ही गोष्ट शेजारच्या गावांत गेली होती. शेवटी कैलासने त्याच्या इंजिनिअरला फोन केला. गावाजवळच्या एका पवनचक्कीचं पाती बसवलेलं डोकं फिरतं का याची तपासणी त्या आठवड्यात करायचीच होती. ती आजच करायची परवानगी मिळाली. कैलासने येऊन सांगितलं की पाती फिरवता येणार नाहीत, पण डोकं फिरवून दाखवता येईल.

आम्ही सगळे निघालो. मागे गाव. कैलास बुंध्याच्या दारातून आत गेला. बऱ्याच वेळाने वरून घर्र असा आवाज आला आणि ते प्रचंड डोकं सावकाश वळू लागलं. ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याने कोण आलं म्हणून वळून बघावं, तसं ते आमच्याकडे वळलं, थांबलं, आणि पुन्हा पूर्वेला गेलं. पाती तशीच स्तब्ध. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाना आनंदाने म्हणाले, "बठ्ठं गाव दखी राहिनं, आबा." सगळं गाव बघत होतं, हे खरंच होतं.

कैलास खाली आल्यावर आबांनी विचारलं, "वारा नाही, मग हे फिरलं कशावर?"

तो म्हणाला, मोटारवर. मोटार कशावर, तर तारेतून आलेल्या विजेवर. वारा नसताना तारेत वीज कुठून येते, असं आबांनी विचारलं. कैलास खरं बोलणारा मुलगा. म्हणाला, थोडी उन्हाची, पण पुष्कळशी कोळशाची.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या प्रवासात माझ्या ज्ञानाचा हा एकच क्षण आला. मी म्हटलं, बरोबर आहे.

आबांचा चेहरा उजळत गेला. "म्हणजे माझ्या वाघिणींवर याची मान फिरते," ते म्हणाले. "मग माझी हरकत नाही. द्या सुपारी."

आबांच्या दृष्टीने सगळ्या शंका मिटल्या होत्या. मुलगी दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर जाणार, पण तिच्या घरातल्या मिळकतीला बापाचा हात लागलेला राहणार. पण नाना पांढरे पडले. त्यांचा मुलगा कोणाच्या जिवावर खातो असं सगळ्या गावासमोर म्हटलं गेलं होतं. ते मराठी सोडून भरभर अहिराणीत बोलू लागले. मला सगळं कळलं नाही, एवढं कळलं की पोराला पोरगी मिळो न मिळो, कोळशाचं मिंधेपण नको. आबांना आपण काय वाईट बोललो ते समजेना. दोन्हीकडची माणसं पांगू लागली. ठरल्यात जमा असलेलं लग्न माझ्यासमोर मोडत होतं, आणि त्याला माझं 'बरोबर आहे' कारण झालं होतं.

अक्का पुढे झाल्या. त्या नानांना म्हणाल्या, "नाना, याचे काळे शर्ट धुता धुता माझी वहिनी म्हातारी झाली. तुमच्या पोराचा शर्ट मी काल दोरीवर पाहिला. पांढरा होता. म्हणून थांबलो आम्ही."

नाना थांबले. मला वाटतं ही गोष्ट आबांनी बहिणीच्या तोंडून प्रथमच ऐकली.

मनीषा तोपर्यंत मागे उभी होती. ती दोघांच्या मध्ये आली आणि साध्या आवाजात म्हणाली, "मी मुलगा बघायला आले होते. तो मला दिसला. मला चालेल. वारा तुम्ही नंतर बघा."

कैलासला कोणी काही विचारलं नाही, पण त्याच्याकडे बघून विचारायची गरजही नव्हती. पवनचक्कीच्या बुंध्यालाच सुपारी फुटली. साखर आणायला कोणीतरी गावात पळालं.

परत

धुळं गेल्यावर आबा आपणहून म्हणाले की आता प्रश्न विचारा. मी विचारला: तुमचं काम बंद झालं, तर तुमचं नुकसान कशाने भरून येईल? ते म्हणाले, पैशाचं साहेब लोक बघतील. आबांना त्या पंख्याची मान फिरवायचं काम द्यावं. एवढं मोठं डोकं, एका बटणावर, आणि धूळ नाही. मुलीच्या गावी राहून रोज सकाळी त्याला एकदा गावाकडे वळवतील, एकदा पूर्वेला. बाकी काही नको.

मी लिहिलं: 'पुनर्प्रशिक्षणास उत्सुक.' सरांना फोनवर वाचून दाखवलं तर ते फार खूश झाले. असेच प्रतिसाद हवेत, म्हणाले.

भुसावळला पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मनीषाची आई दारातच उभी होती. आबा गाडीतून उतरता उतरताच सांगू लागले: पंख्याचं डोकं, मोटार, वाघिणी, सुपारी. अक्कांनी मांड्यांचं सांगितलं, घराण्याचं सांगितलं, मुलाच्या शर्टाचं नाही सांगितलं. त्या बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "पाणी आहे का तिथं?"

आबांनी अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. पठारावर आम्ही दोन दिवस काढले होते, प्यायलो होतो, हातपाय धुतले होते, वारा, कोळसा, ऊन, सगळ्याची चौकशी केली होती. पाणी कुठून येतं ते आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं.

"आहे," मनीषा जीपमधून पिशवी काढता काढता म्हणाली. "नळ आहे, दिवसाआड येतो. विहीर आहे, उन्हाळ्यात आटते. मग टँकर. मी गेल्या गेल्या आत जाऊन विचारलं."

"आणि तरी हो म्हणालीस?"

"हो."

आई पदराला हात पुसून आत गेली, आणि आतून तिने विचारलं की मॅडम चहात साखर किती घेतात.